ती जरा लाजाळू आहे

महिन्यातून एखाद्या रविवारी बाबा सकाळी दाढी करताना शीळ घालायला लागला, की मला अंथरुणातून बाहेरच यावंसं वाटायचं नाही. शीळ म्हणजे आज मेक्सिकनला जायचं. डब्लिनजवळच्या स्वोर्ड्समधल्या आमच्या घराच्या भिंती इतक्या पातळ होत्या की बाथरूममधली शीळ माझ्या अंथरुणापर्यंत यायची, आणि तिच्या मागोमाग आईचा आवाज: “ओजस, तो शर्ट नको, त्याच्यावर साल्साचा डाग आहे अजून.” माझा धाकटा भाऊ ओजस दोन-दोन पायऱ्या गाळत खाली पळायचा. मी मात्र पांघरूण डोक्यावर ओढून पुटपुटायला लागायचे. नाचोज, प्लीज. नाचोज, प्लीज. पांघरुणाखाली ते शब्द कसे भराभर सुटायचे! एकटी असताना मी कधीच अडखळत नाही. तेव्हाही नाही, आणि आता पहिले पांढरे केस दिसू लागल्यावरही नाही. अडखळते ती समोर माणूस आला की. शब्द आत तयार असतो, पूर्ण असतो, त्याचा आकारही तोंडात जाणवत असतो, आणि पहिल्या अक्षराशी येऊन तो अडकून बसतो. मान ताठ होते, डावा डोळा मिटतो, आणि समोरचा माणूस घड्याळाकडे किंवा बुटांकडे बघायला लागतो.

लिहिताना असं काही होत नाही, म्हणूनच मी हे लिहायला घेतलं असेल. लहानपणी घरात आई-बाबा मराठीत विचारायचे आणि आम्ही भावंडं इंग्रजीत, तेही इथल्या हेलात, उत्तरं द्यायचो. या लिखाणात मी बहुतेक सगळ्यांना मराठीतच बोलायला लावलं आहे. आईला ते आवडलं असतं.

मेक्सिकनचं, म्हणजे त्या हॉटेलचं, खरं नाव लांबलचक होतं, पण आमच्याकडे ते कोणी घेत नसे. डब्लिनच्या दुसऱ्या टोकाला, डून लेरीत, मुख्य रस्त्यावरून समुद्राकडे उतरणाऱ्या एका गल्लीत त्याचा पिवळा दरवाजा होता. बाबा शिकायला आयर्लंडला आला तेव्हाही ते जुनंच समजलं जायचं. पहिल्या हिवाळ्यात, भिजलेले मोजे घालून तो तिथे शिरला होता आणि त्याला काळ्या घेवड्याचं तिखट सूप मिळालं होतं. ही गोष्ट आम्ही इतक्या वेळा ऐकली होती की ओजस त्यातल्या मोज्यांचा रंगसुद्धा सांगायचा. पुढे बाबाला औषधांच्या एका प्लांटमध्ये इंजिनियरची नोकरी लागली, लग्न झालं, स्वोर्ड्सला घर झालं, पण शहराच्या त्या टोकाला गाडी काढून जायची सवय सुटली नाही. आईलाही ती जागा आवडायची. आत पाऊल टाकलं की मक्याचं पीठ तव्यावर भाजल्याचा वास यायचा, आणि आई दर वेळी डोळे मिटून म्हणायची, “भाकरी.” कोपऱ्यात मालकीणबाई स्वतः उभ्या राहून, पुरीच्या यंत्रासारख्या दिसणाऱ्या लोखंडी यंत्रात गोळा ठेवून दांडा दाबायच्या. खट्. मग तव्यावर. खट्. मग तव्यावर. स्वयंपाकघरातून चरचर करत जाणाऱ्या गरम बिडाच्या थाळ्या, बारीक आवाजात लावलेल्या तिकडच्या गाण्यांतले कर्णे, आणि दरवाजा उघडला की बाहेरच्या सीगल पक्ष्यांची ओरड. मालकीणबाईंचं नाव लुपे. त्या मेक्सिकोतून तरुणपणी आल्या होत्या आणि त्यांचं इंग्रजी अर्धं तिकडचं, अर्धं डब्लिनचं होतं. शाकाहारी आईसाठी त्या घेवडा चरबी न घालता वेगळा शिजवायच्या, आणि ते सगळ्या हॉटेलला ऐकू जाईल असं सांगायच्या.

म्हणजे जागा छान होती. लोक तिथे आनंदाने जात आणि आनंदाने परत येत. माझी भीती त्या जागेची नव्हतीच. ती होती बाबाच्या नियमाची. हॉटेलात प्रत्येकाने आपली ऑर्डर आपण द्यायची. “उद्या कॉलेजात जाल, नोकरीला जाल, तेव्हा मी येणार आहे का मागे?” असं तो म्हणायचा. त्यामुळे गाडीतून उतरण्याआधीच माझी गणितं सुरू व्हायची. वेटर कोणत्या बाजूने येईल? आई आधी बोलली तर माझा नंबर कितवा येईल? पहिलं बोलायची पाळी आली तर श्वास घ्यायला वेळ मिळत नाही. शेवटी आली तर वाट बघून बघून घसा सुकतो. ओजसच्या लगेच नंतर बसलेलं बरं, कारण तो इतका बडबडायचा की वेटर हसत असायचा आणि त्या हसण्यात आपण पटकन शिरून जायचं. नाचोजही मी आवडीने खात नव्हते. मला हवे असायचे ते मक्याच्या सालपटात वाफवलेले टमाले, आईच्या भाषेत ‘त्यांची उकड’. पण ‘ट’ माझ्याच्याने निघत नसे. ‘न’ नाकातून गुणगुणत सुरू करता यायचा. किती वर्षं मी तोंडातून जे निघेल ते खाल्लं!

आणि तेही नेहमी निघायचं नाही. मग मी ‘न’वर लटकलेली असताना बाबा हसत पुढे व्हायचा, “शी विल हॅव द नाचोज,” आणि वेटरकडे बघून, जरा आवाज उतरवून, “शी इज अ बिट शाय.” ती जरा लाजाळू आहे. शाळेत शिक्षिकेने विचारलं, तेव्हाही हेच. घरी आम्ही दुसरी भाषा बोलतो ना, त्यामुळे बुजते, लाजाळू आहे. शिक्षिका म्हणाली, “ओह, शी इज ग्रँड,” म्हणजे इथल्या बोलीत ‘ठीक आहे ती’, आणि विषय संपला. सांगलीहून आजी व्हिडिओवर विचारायची, “पोर बोलंना का रं माझ्यासंगं?” की बाबा मागून ओरडायचा, “लाजतेय गं!” मी लाजाळू नव्हते. माझ्या डोक्यात दिवसभर भांडणं, विनोद, टोमणे, सगळं चालू असायचं. पण जे होतं त्याला आमच्या घरात नावच नव्हतं. आई फार तर म्हणायची, “सावकाश, बाळा.” बाबा तेवढंही म्हणत नसे. प्लांटमधलं एखादं यंत्र अडलं तर कारण सापडेपर्यंत घरी न येणारा माणूस तो. आज मला त्याचा राग येत नाही, पण तेव्हा यायचा, आणि तो राग बोलून दाखवायचीही सोय नव्हती.

ज्या रविवारची ही गोष्ट, तेव्हा मी तेराव्या वर्षात होते आणि फर्स्ट कम्युनियनचे, म्हणजे लहान मुलांच्या चर्चमधल्या सोहळ्याचे, दिवस चालू होते. मेक्सिकनमध्ये पांढरे झगे घातलेल्या दोन-तीन मुली, त्यांचे आईबाप, आज्या, मावश्या, अशी गर्दी होती. आम्हाला मधलं टेबल मिळालं, चारही बाजूंनी उघडं. मी मनातल्या मनात भिंतीकडेचं टेबल मागत राहिले. मग एक नवा वेटर आला. उंच, लालसर केसांचा, कॉलेजातला असावा. त्याला एप्रन आखूड होत होता. त्याने वही उघडली, आमच्याकडे बघून हसला आणि म्हणाला, “हाय, मी ड— ड— ड—”

माझ्या हातातला काटा ताटलीवर पडला. मी अशा माणसाला प्रत्यक्ष कधी ऐकलंच नव्हतं. कोणी म्हणेल, तुला बरं वाटलं असेल, आपल्यासारखं कोणी भेटलं म्हणून. छे. मला पळून जावंसं वाटलं. त्याची मान जशी ताठ झाली तशी माझीही झाली. आणि त्यात बाबा. बाबाला कोणाचा अडलेला शब्द बघवत नसे. तो मदतीला धावला. “डेव्ह?” वेटरने मान हलवली. “डॅनियल?” बाबा म्हणाला. “ड— डारा,” असं तो शेवटी म्हणाला, तेव्हा त्याचे कान लाल झाले होते. “आह, डारा. ग्रँड, ग्रँड,” बाबा म्हणाला. आजचं खास काय आहे ते डारा सांगायला लागला, तर तिथेही बाबाने त्याची दोन वाक्यं पूर्ण केली, दोन्ही चुकीची. आई मेन्यूकडे बघत म्हणाली, “अरे समीर, बोलू दे ना त्याला,” पण मराठीत, आणि हळू.

आईने एन्चिलाडा सांगितले. ओजसने केसाडिया, त्यात काय नको याची यादी, आणि त्याच्या शाळेतल्या मॅचचा निकालही सांगितला. डारा हसला, जरा सैलावला आणि माझ्याकडे वळला.

“न—” मी म्हणाले. “न— न— न— न—”

गुणगुणणं नाही, नाक नाही, काही नाही. इतकी वाईट अडकले मी की टेबलाची कड धरली. ओजस घाबरला की हसतो. तो फिसकन हसला. शेजारच्या टेबलावरच्या एका पोराला वाटलं गंमत चालली आहे, तो मोठ्याने हसला. डाराचं हसू पुसलं गेलं. चेहरा आधी लाल, मग एकदम पांढरा.

“तू म-म-माझी नक्कल करतेयस?” त्याने विचारलं.

मला नाही म्हणायचं होतं. आणि नाही म्हणायलासुद्धा ‘न’च लागतो, मराठीतही आणि इंग्रजीतही. “न— न— न—” जितकी धडपड केली तितकं ते त्याच्यासारखं दिसत गेलं. मान हलवायचंही सुचलं नाही. तेव्हा बाबा हसला, आपलं ते नेहमीचं, मिटवामिटवीचं हसू, आणि म्हणाला, “शी इज अ बिट शाय.”

डाराने वही एप्रनच्या खिशात घातली आणि तो स्वयंपाकघराच्या दारातून आत निघून गेला.

यंत्राचं खट् खट् थांबलं. लुपेबाई हात पुसत आमच्या टेबलाशी आल्या. मला त्यांचा चेहरा अजून दिसतो. रागावलेला नव्हता, दुखावलेला होता, आणि ते जास्त वाईट होतं. “तुम्ही माझे जुने लोक,” त्या बाबाला म्हणाल्या. “त्या मुलाचा आज पहिला दिवस. पोर्टलीश गावाहून आलाय. इथे काम मागायला येताना चिठ्ठीवर लिहून घेऊन आला होता, बोलता येणार नाही म्हणून. त्याला मी सांगितलं, माझ्या जागेत तुला कोणी हसणार नाही. मी शब्द दिलाय. तुमच्या मुलीने त्याची माफी मागावी, नाहीतर मला वाईट वाटेल, पण...” त्यांनी दरवाजाकडे पाहिलं.

कम्युनियनच्या सगळ्या आज्या आमच्याकडे बघत होत्या. मला वाटलं, आता बाबा सांगेल. आता तरी सांगेलच.

“गैरसमज झालाय,” बाबा म्हणाला. “तिचा तसा हेतू नव्हता. ती खरंच... ती लाजाळू आहे.”

“लाजाळू?” लुपेबाई म्हणाल्या.

“अरे, सांग ना,” आई म्हणाली. आईचा आवाज असा मी आधी ऐकला नव्हता. “समीर, सांग त्यांना.”

बाबाने पाण्याचा ग्लास उचलला आणि न पिता खाली ठेवला. मी त्याच्या तोंडाकडे बघत राहिले. आणि माझ्या लक्षात आलं, तो शब्द त्याच्याही तोंडातून निघत नव्हता.

मी उठले. कोणाला काही न बोलता डारा गेला होता त्या दारातून आत शिरले. स्वयंपाकघरातला आचारी माझ्याकडे बघून काही म्हणाला, मी थांबले नाही. मागचं दार उघडं होतं. बाहेर लहानसं अंगण, लिंबांची रिकामी खोकी, कचऱ्याचे डबे आणि त्यांच्यावर बसलेला एक गलेलठ्ठ सीगल. डारा एका उलट्या खोक्यावर बसला होता. मला बघून तो उठला.

“जा इथून,” तो म्हणाला. हे शब्द त्याला अजिबात अडले नाहीत. रागात अडत नाही कधी कधी.

“म—” मी म्हणाले. “म— म—” तो आत जायला वळला. मी पायाने फरशीवर ठोकायला लागले, जे मी नेहमी टेबलाखाली लपून करायचे. डावा डोळा मिटला. हनुवटी वर गेली. “म— म— मलापण,” मी म्हणाले. “मलापण अ— अ— असंच होतं.”

तो दारातच थांबला. माझ्या तोंडाकडे नाही, माझ्या पायाकडे बघत होता. मग मिटलेल्या डोळ्याकडे. नक्कल करणारे फक्त तोंडाची करतात. पायाची आणि डोळ्याची कोणाला माहीतच नसते. त्याने हळूहळू श्वास सोडला.

“ओह जीझस,” तो म्हणाला, आणि परत खोक्यावर बसला. “सॉरी. स-स-सॉरी गं.”

मी दुसऱ्या खोक्यावर बसले. मला रडू यायला हवं होतं, पण मला भयंकर हसू येत होतं. मग त्याने विचारलं, “तो टेबलावरचा य-य-युअर मॅन कोण, लाजाळू म्हणणारा?” ‘युअर मॅन’ म्हणजे इथल्या बोलीत ‘तो गृहस्थ’.

“ब-बाबा.”

“त्याला म-माहीत नाही?”

“माहीत आहे,” मी म्हणाले.

त्याने मान डोलावली, जणू हेही त्याच्या ओळखीचं होतं. मग तो म्हणाला की शाळेच्या कँटीनमध्ये चार वर्षं त्याने लझान्या खाल्लं, आणि त्याला लझान्याचा वाससुद्धा सहन होत नाही, पण ‘ल’ त्याला नेहमी यायचा. हे एवढं सांगायला त्याला खूप वेळ लागला. मी ऐकत राहिले. आयुष्यात पहिल्यांदा मला कळलं की ऐकणाऱ्या बाजूने ते इतकं काही भयानक नसतं. पुढचा शब्द येणार असतो, आपण थांबायचं असतं, एवढंच.

आत गेलो तेव्हा लुपेबाई दाराशीच उभ्या होत्या. त्यांनी सगळं ऐकलं असावं. त्यांनी माझा चेहरा पिठाच्या दोन्ही हातांत धरला आणि त्यांच्या भाषेत काहीतरी म्हणाल्या. डाराने परत वही काढली, आमच्या टेबलाशी येऊन माझ्यासमोर उभा राहिला आणि वाट बघितली. मी नाचोजच मागवले. धाडसालाही मर्यादा असते. पण ते मी एकटीने, शेवटपर्यंत मागवले, आणि बाबाने तोंड उघडलं तेव्हा आईने टेबलावरच त्याच्या मनगटावर हात ठेवला. खाणं कोणाला गेलं नाही.

परतताना समुद्राच्या कडेच्या रस्त्याने गाडी चालली होती. बाबा म्हणाला, “झालं ते झालं. गैरसमज झाला त्याचा. चांगला मुलगा आहे.” आता मला घरच्या माणसाशी बोलायचं होतं. अनोळखी माणसाला सांगणं सोपं होतं.

“बाबा,” मी मराठीत म्हणाले. आईने मागे वळून पाहिलं, कारण मी मराठीत बोलत नसे. “तू स-स-स—”

“सीट पुढे घेऊ?” बाबा आरशात बघत म्हणाला.

“समीर,” आई म्हणाली.

“तू स-सगळ्यांना, मी ल— ल— ल—” सिग्नल लागला, सुटला. मागच्या गाडीने हॉर्न दिला. “लाजाळू आहे असं का सांगतोस?”

बाबाने गाडी पुढे घेतली. दोन्ही हात स्टिअरिंगवर. “लोकांनी हसू नये म्हणून,” तो म्हणाला.

“क—” मी म्हणाले. “क— क— क—”

मला एकच शब्द विचारायचा होता. तो निघायला इतका वेळ लागला की समुद्र मागे गेला, पूल आला. या वेळी बाबाने मध्ये काही टाकलं नाही. आणि मला वाटतं, मी तो प्रश्न पुरा करेपर्यंत त्याला तो काय आहे हे कळलं होतं, आणि त्याचं उत्तरही.

“कोणाला?” मी म्हणाले.

“मला,” बाबा म्हणाला. “मला हसू नये म्हणून.”

पुढे बोगदा लागला आणि कोणाचं काही ऐकू येईना. आईने खिडकीकडे तोंड केलं होतं. बाबा रडत होता का ते मी पाहिलं नाही; तेराव्या वर्षी बापाकडे असं बघवत नाही. घरी आल्यावर तो गाडीतच बसून राहिला, आणि आईने आम्हाला आत नेलं.

दुसऱ्या दिवशी मी शाळेतून आले तेव्हा तो घरी होता. ऑफिसमधून लवकर आला होता. स्वयंपाकघरात उभा राहून त्याने आरोग्य केंद्राला फोन लावला, मी समोर असताना, मुद्दाम. “माझ्या मुलीला...” तो म्हणाला, आणि थांबला. मग म्हणाला, “माय डॉटर हॅज अ स्टॅमर.” तो शब्द आमच्या घरात पहिल्यांदा उच्चारला गेला, आणि भिंती होत्या तिथेच राहिल्या. पुढे वाट बघावी लागली, मग अडखळण्यावर उपचार करणाऱ्या एक फार चांगल्या बाई भेटल्या, आणि तरीही मी अडखळायची थांबले नाही. पण ते सगळं नंतरचं. त्या दुपारी पलीकडच्या बाईंनी मुलीचं नाव विचारलं असावं. बाबाने सवयीने तोंड उघडलं. मग माझ्याकडे पाहिलं, आणि फोन माझ्या हातात दिला.

माझं नाव पूर्वा. ‘प’साठी दोन्ही ओठ मिटावे लागतात, आणि मिटले की माझे उघडत नाहीत. मी फोन कानाला धरून उभी राहिले. पलीकडच्या बाई थांबल्या. बाबा ओट्याला टेकून, हात बांधून, माझ्याकडे बघत थांबला.

मी सांगितलं.